सत्कारात अडकलेलं मत

न्हाणीघरातून गटाराचं पाणी पुन्हा वर आलं, तशा टेलरबाईंनी सासऱ्यांच्या खाटेखाली आणखी विटा सरकवल्या. म्हाताऱ्यांना उठता येत नव्हतं. नाकावर पांघरूण ओढून ते निमूट पडून राहत, आणि ते पाहून बाईंचा जीव तुटायचा. गल्लीचा जुना पाइप बदलला तरच यातून सुटका होती. तो विषय त्याच दुपारी पालिकेच्या सभेत मतदानाला येणार होता.

आणि नेमक्या त्याच दुपारी गल्लीने काय करावं? नव्या नगरसेवकाचा सत्कार ठेवला!

बाई तरातरा मंडपात गेल्या. नगरसेवक म्हणजे कालपरवापर्यंत कोपऱ्यावर पंखे दुरुस्त करणारा भाऊ. नाही म्हणणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. निवडून आल्यापासून लग्न असो, दुकानाचं उद्घाटन असो, हा हजर. गल्लीही अशी मुलखाची मानापमानवाली, की एखाद्या घरी तो गेला नाही तर ते घर रुसून बसायचं.

"भाऊ, सभा सुरू झाली असेल. उठा आधी," बाई म्हणाल्या.

"उठतो हो ताई. पण ही एवढी माणसं..."

"माणसं कुठे पळून चाललीत?"

"टेलरबाई, खाली बसा!" माइक धरून उभा असलेला किराणावाला खेकसला. "चांगल्या कार्यक्रमाचा विचका करू नका."

भाऊने घड्याळाकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं आणि पुढचा पुष्पगुच्छ घेतला. तो सभागृहात पोहोचला तेव्हा शिपाई पंखे बंद करत होता. दोन्ही बाजूंना सारखीच मतं पडल्यामुळे पाइपचा विषय पुढच्या सभेवर ढकलला होता. बाईंनी हे ऐकलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

पुढच्या सभेच्या दिवशी सकाळी तर पाणी थेट खाटेपर्यंत आलं. भाऊ धावत आला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि बादलीने उपसायला लागला. दारात ही गर्दी! फोटो काय, कौतुक काय.

"असा नगरसेवक शोधून सापडणार नाही," किराणावाला म्हणाला.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "भाऊ, आज सभा आहे ना?"

"आहे. पण आजोबा असे पाण्यात, आणि मी तिकडे जाऊन खुर्चीवर बसू? लोक काय म्हणतील?"

"जा म्हणतील! आणि नाही म्हणाले तर मी म्हणते."

"बाई, घरी आलेल्या माणसाशी असं बोलतात?" किराणावाला मध्ये पडला.

बाईंनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. भाऊच्या हातातून त्यांनी बादली ओढून घेतली.

"खुर्चीवर बसायलाच तुम्हाला मत दिलंय, भाऊ. पाणी मला उपसता येतं. तिथे जाऊन हात वर करायला मला कोण आत घेणार आहे?"