ट्रेवरची तिरीप

पुतणीच्या पत्राला मास्तरांनी उत्तर दिलंच नव्हतं. फोनला ते विंचवाला घाबरावं तसे घाबरत, म्हणून तिने मुद्दाम पत्र लिहिलं होतं: ‘काका, ऑपरेशनचे स्टीलचे ट्रे आम्ही कारखान्यात तुमच्या पुस्तकातला तक्ता बघून घासतो, चकाकी मरावी म्हणून. तरी दिव्याची तिरीप डॉक्टरांच्या डोळ्यांत जाते. महिनाअखेरीस मोठी खेप निघेल. चुकतंय कुठे?’ सोबत नमुन्याचा ट्रे होता.

मास्तरांची झोप उडाली. जन्मात एकच पुस्तक लिहिलं, खडबडीत धातूवरून उजेड कसा विखुरतो यावर. तेच खोटं निघालं तर?

“अहो, चावतो का तो ट्रे?” बायको म्हणाली. “रोज बघता आणि परत कागदात गुंडाळता!”

“तक्ताच चुकला असेल तर?”

“मग चुकला! तिथे कुणाचं पोट उघडं असणार, आणि तुम्ही इथे अब्रू सांभाळत बसलात.”

हे वर्मी लागलं. त्यांनी खिडकी लावली, ट्रेवर दिवा धरला आणि बायकोला समोर उभं केलं. घासल्याच्या बारीक रेघा तिच्यासमोर आडव्या होत्या.

“अगं बाई, दिपलंच!”

त्यांनी ट्रे पाव फेरा फिरवला.

“आता नाही हो.”

मास्तर हरखून बाजूला सरकले, तोच ती तिरीप त्यांच्याच डोळ्यांत शिरली. उजेड रेघांना काटकोनात फाकत होता. ट्रे फिरवला तर डॉक्टर सुटणार आणि शेजारची नर्स सापडणार.

प्रयोगशाळेत त्यांनी प्रत्येक नमुना रेघांच्या दिशेनेच मोजला होता. फिरवून बघायचं सुचलंच नव्हतं. आकडे खरे, पण अर्धेच.

त्यांनी लिहायला घेतलं. ‘माझा तक्ता एकाच बाजूने मोजलेला आहे, त्यावर विसंबू नकोस. रेघा ओढूच नका. हवेच्या झोताने काचेचे बारीक मणी मारून पत्रा दाणेदार करा, म्हणजे उजेड चहूकडे थोडाथोडा वाटला जाईल. पण आधी एकच ट्रे करून सगळीकडून बघ.’

“शेवटी ‘चूकभूल द्यावीघ्यावी’ लिहू?”

“चूक कळवलीत ना? आता भूल कशाला!”

टपालपेटीपाशी त्यांचा हात अडला. मग पाकीट सुटलं, आत पडल्याचा आवाज आला. त्यांनी फटीत बोटं घालून पाहिली. पाकिटापर्यंत पोचली नाहीत.