दोर पुरेना

खमिदूनने दोर पुन्हा सोडला, आणि चामड्याचा पोहरा पुन्हा अधांतरीच लोंबकळला. लग्नाच्या वर्षी याच विहिरीवर हाच दोर पुरून उरला होता. पाणी खाली गेलं, दोर तेवढाच राहिला. तमेस्नाच्या वाळवंटी माळावर विहीर सगळ्यांची, दोर मात्र ज्याचा त्याने आणायचा. उसना मागावा तर माणूस दिसायला हवा ना! एवढा अफाट देश, आणि कालपासून माणूस नाही की उंट नाही.

गवत संपलं म्हणून तळ हलवला होता. बायको शेळ्या घेऊन पुढे गेली; मागून गाढवावर लेकीला बसवून खमिदून आणि त्याची सासू फदीमाता. वाटेत पखाल फाटली. आता चिमुरडी घैशा गाढवाच्या सावलीत डोळे मिटून पडली होती आणि तिच्या ओठांना भेगा पडल्या होत्या.

सासूने जावयाशी थेट बोलायचं नाही, जावयाने तिच्यासमोर तोंड उघडं टाकायचं नाही. घैशा बोलायला लागल्यापासून दोघांचं बोलणं तिच्यामार्फत चाले. आज फदीमाता गाढवाशी बोलत होती.

“गाढवा, विचार त्याला, खोगिराची दोरी जोडली का?”

“जोडली म्हणावं. कासराही जोडला.”

“माझी ओढणी?”

“तीही.”

पांढरे केस उघडे टाकून बसलेली म्हातारी भडकली. “मग त्याच्या डोक्यातोंडाला काय गुंडाळलंय? एवढा लांबलचक पटका! पोरीच्या जिवापेक्षा तोंड मोठं झालंय का म्हणावं!”

खमिदूनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. फदीमाताने पाठ फिरवली. त्याने निळा पटका सोडला, दोराला गाठ मारली आणि काठावर पालथा पडला. विहिरीच्या कडेला रोवलेल्या खुंटाला एक वेढा द्यायचा तर तेवढाही कपडा शिल्लक नव्हता. पटक्याचं टोक दोन्ही मुठींत धरून त्याने हात खाली ताणले.

खाली डुबुक् आवाज झाला. पोहरा भरला, दोर जड झाला.

“आलं का रे पाणी?” आनंदाच्या भरात म्हातारी गर्रकन वळली.

खमिदूनने तिच्याकडे पाहिलं आणि त्याचा हात आपसूक तोंडावर गेला. जन्मभराची सवय ती. भरल्या पोहऱ्याने दुसऱ्या हातातलं टोक हिसकावून नेलं. दोर, कासरा, ओढणी, पटका, सगळं विहिरीत गेलं.

कितीतरी वेळ दोघं त्या काळ्या भोकात बघत राहिली. घैशा कण्हली. खमिदूनला स्वतःचा हात तोडून टाकावासा वाटला. तो अजून तोंडावरच होता.

फदीमाता त्याच्यासमोर येऊन बसली. आयुष्यात पहिल्यांदा तिने त्याच्या तोंडाकडे सरळ पाहिलं.

“काढ तो हात,” ती म्हणाली. “आणि ओरड. कुणाकडे दोर असेल तर येईल.”

खमिदून उभा राहिला. उघड्या तोंडाने चारी दिशांना ओरडला, घसा फुटेपर्यंत ओरडला.

गाढवाने तेवढे कान टवकारले.