पिकोलोचा अर्धा स्वर

बाईंचं संगीत ओळखायला दोन मिनिटं पुरायची. मंचावर चार वाद्यं, त्यांतली तीन गप्प. चेलोच्या जाड तारांवर एकच स्वर इतका ताणलेला की ऐकणाऱ्यानेही श्वास धरून ठेवावा, आणि आता काहीतरी होणार असं वाटतंय तोच सगळं बंद. त्या शांततेसाठी लोक लांबून यायचे. बाई बासष्ट वर्षांच्या होत्या आणि त्यांच्यासमोर कुणी खोकायचंही धाडस करत नसे.

चिमणी त्यांची विद्यार्थिनी. तिची आई कपडे शिवायची, आणि चिमणीच्या संगीतात ती मशीन होती: भराभर पडणारे बारीक टाके, मध्येच तुटलेला दोरा, पुन्हा सुरुवात. पहिल्यांदा तिने स्वतःची रचना वर्गात ऐकवली तेव्हा बाईंनी ती शेवटपर्यंत ऐकली आणि मग इतरांकडे वळून म्हणाल्या, "दाणे टिपतेय. चिमणी आहे नुसती." वर्ग खो खो हसला. नाव चिकटलं ते चिकटलंच.

त्याला नऊ वर्षं झाली होती. आता बाई पेन्सिलीने लिहायच्या, चिमणी ते संगणकावर उतरवायची आणि प्रत्येक वादकाची वेगळी पानं काढून द्यायची. स्वतःचं काय ते सकाळी लवकर उठून लिहायची.

एके दिवशी शहरातल्या मोठ्या वाद्यवृंदाने बाईंना विचारलं, की तुमच्या या विद्यार्थिनीकडून एक मोठी रचना लिहून घ्यावी म्हणतो, तुमचं मत कळवा. बाईंनी चिमणीलाच संगणकासमोर बसवलं.

"लिही. अक्षर स्वच्छ. स्वभाव आज्ञाधारक. स्वतःचं म्हणावं असं संगीतात काही नाही."

चिमणीची बोटं थांबली. "बाई, हे माझ्याबद्दल आहे."

"मग? दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा बरं. आज्ञाधारकमधला ज्ञ नीट आलाय का बघ."

चिमणीने ज्ञ नीट आलाय का ते बघितलं आणि पत्र पाठवून दिलं.

बाईंना उंच स्वर ऐकू येत नाहीत असा संशय तिला वर्षभर होता. हातातला फोन बारीक आवाजात वाजत राहायचा आणि बाई शांतपणे चष्मा पुसत बसायच्या. त्या आठवड्यात तिच्याकडे बाईंची नवी रचना उतरवायला आली. तिच्यात एकदाच, बाईंनी कधी नव्हे ते, पिकोलो घेतली होती, म्हणजे सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत उंच आवाजाची बासरी. तिचे चार मिनिटांचे लांब स्वर खालच्या तंतुवाद्यांवर तरंगत राहणार होते. चिमणीने ते सगळे अर्ध्या स्वराने वर सरकवले. छापील प्रतीतही आणि वादकाच्या पानांवरही.

तालमीत पिकोलो सुरू झाली आणि दात शिवशिवावेत तसा आवाज झाला. वादकाने वाद्य खाली घेतलं. "बाई, हे असंच आहे का? खालच्यांशी भांडतंय."

बाईंनी पापणीही हलवली नाही. "लिहिलंय तसं वाजवा. संगीत मी लिहिते, तुम्ही फुंका."

त्याच मोठ्या वाद्यवृंदाचे संचालक हलक्या आवाजात म्हणाले, "एकदा बघून घेता का?"

"तीस वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं," बाई म्हणाल्या. संचालकांनी मान खाली घातली आणि पान उलटलं.

चिमणी मागच्या रांगेत होती. एक वाक्य बोलली असती तर तिथेच मिटलं असतं. ती बोलली नाही. चार तालमी झाल्या, चारही वेळा ती गप्प बसली.

प्रयोगाला सभागृह भरलेलं होतं. पिकोलोची ती चार मिनिटं लोकांनी खुर्चीत चुळबुळ करत काढली. पहिल्या रांगेतल्या एका महिलेने उघडउघड कानांवर हात ठेवले. बाई विंगेतून मंचाकडे बघत होत्या, चेहऱ्यावर समाधान. टाळ्या कोमट पडल्या, तरी त्यांनी तीनदा वाकून नमस्कार केला.

आतल्या खोलीत संचालकांना राहवलं नाही. "बाई, ते पिकोलोचं खरंच मुद्दाम होतं?"

"काय पिकोलोचं?"

बाईंनी सवयीने चिमणीकडे पाहिलं. अडलं की त्या तिच्याकडेच बघायच्या.

"ते चुकलेलं होतं," चिमणी म्हणाली. "चार मिनिटं. बाईंना ऐकू येत नाही. वर्ष झालं." मग बाईंच्या अगदी जवळ जाऊन, लहान मुलाशी बोलावं तसं मोठ्याने आणि सुटं सुटं म्हणाली, "ऐ-कू ये-त ना-ही ना, बाई?"

बाई खुर्चीचा हात धरून खाली बसल्या. कोट घालायला त्यांना दुसऱ्याची मदत लागली.

पुढे त्यांच्या मतावर कुणी विसंबेना. ते पत्रही आपोआप मोडीत निघालं आणि मोठी रचना चिमणीकडे आली. पस्तीस मिनिटांची. साठ वादकांच्या हातात तिच्या आईची मशीन.

दहा महिन्यांनी तिच्या शेवटच्या तालमीला बाई आल्या. न बोलावता. तिसऱ्या रांगेत एकट्या बसल्या. तालीम संपल्यावर चिमणी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"काय आलात? ऐकू तर येत नाही."

"निम्मं येत नाही," बाई म्हणाल्या. "म्हणून वादकांची तोंडं बघत बसले. पहिली बारा मिनिटं जीव ओतून वाजवतात. शेवटीही. मधे सगळे मेलेले. तिथे तू माझी नक्कल केलीयेस. ती लांबलचक शांतता तुला पेलत नाही. काढून टाक."

"आणि ती पिकोलोची पानं, तुम्हाला..."

"तूच बदललीस ते मला प्रयोगानंतर त्याच आठवड्यात कळलं. पेन्सिलीची प्रत घरीच होती." बाई उठल्या. "कुणाला सांगितलं नाही. फसले असं सांगण्यापेक्षा बहिरी झाले हे बरं."

त्या गेल्या. चिमणीने दात-ओठ खात तालमीचं ध्वनिमुद्रण लावलं. तिसऱ्यांदा ऐकताना तिने पेन्सिल उचलली आणि मधली सात मिनिटं काढून टाकली.

प्रयोग जोरात झाला. परीक्षणांत लिहिलं गेलं की एकही स्वर जास्तीचा नाही, इतकी शिस्त या वयात दुर्मीळ. मुलाखतीत तिला विचारलं, कुणाचा सल्ला घेतलात का?

"नाही," चिमणी म्हणाली. "कुणाचाच नाही."