मध्यंतरातला गोलरक्षक

“इस्त्री खाली ठेव आणि हे वाच,” म्हणत शेजारची जोसी मागच्या दाराने आत आली. तिने तालुक्याचं साप्ताहिक थेट चर्चच्या वेदीच्या पांढऱ्या कापडावरच पसरलं.

“अगं, शाई लागेल त्याला,” नोरीन म्हणाली.

“लागू दे. देवालाही वाचू दे. जिल्ह्याचा रविवारचा फुटबॉलचा संघ आलाय. सगळ्यात वर बघ, एक नंबरला.”

नोरीनने चष्मा कपाळावरून नाकावर आणला. एक नंबर म्हणजे गोलरक्षक. तिथे छापलं होतं, फिंटन गिल्डी, गाव किलक्रूना. तिने ते नाव पुन्हा वाचलं. मग पेपराखालचं कापड हळूच बाजूला ओढून घेतलं.

फिंटन तिचा एकुलता मुलगा. आठवडाभर गावोगाव फिरून गोठ्यांतली दूध काढायची यंत्रं दुरुस्त करायचा आणि संध्याकाळी जिल्ह्याच्या संघाबरोबर सराव करायचा. नऊ वर्षं झाली, त्याच्या पाठीवर सोळा नंबर होता. सोळा म्हणजे राखीव गोलरक्षक. पुढे खेळणारे दमतात, लंगडतात, बदलले जातात. गोलरक्षक मात्र दमत नाही आणि सहसा बदललाही जात नाही. त्यामुळे नऊ वर्षांत फिंटन एका मिनिटासाठीही मैदानात उतरला नव्हता. “तुझं पोरगं म्हणजे लग्नातला राखीव नवरदेव,” असं जोसी म्हणायची, आणि नोरीनलाही हसू यायचं.

आज मात्र जोसी चिडवत नव्हती.

“गोलमधल्या रोननचा हात दुखावलाय म्हणे,” ती म्हणाली. “दोघं कॉलेजच्या सामन्याला गेलेत, मधल्या फळीतला तो उंच पोरगा ऑस्ट्रेलियाला पळाला. मॅनेजर बिचारा गोधडीला ठिगळं लावावीत तसा संघ लावतोय. पण नशीब उघडायला निमित्त लागतंच. तू जाणार ना बघायला?”

इस्त्री पुन्हा गरम होईपर्यंत नोरीन इस्त्रीकडेच बघत राहिली.

फिंटन खेळत असताना तिने त्याला शेवटचं पाहिलं, तेव्हा तो मिशी फुटायच्या वयाचा होता. मुलांच्या अंतिम सामन्यात एक अगदी साधा, लोण्यासारखा मऊ चेंडू त्याच्या हातांतून निसटून जाळीत गेला. परतताना गाडीत तिचा नवरा मॅलकी हसत म्हणाला होता, “तू बघत होतीस ना, म्हणून.” पुढच्या सामन्यालाही ती गेली आणि पुन्हा तसंच झालं. मॅलकी पुन्हा हसला. पण दुसऱ्यांदा हसतो ते माणूस थोडं खरं मानून हसतो, असं नोरीनला वाटलं. तेव्हापासून फिंटनचा सामना असला की त्या वेळी ती चर्चमध्ये जपाची माळ घेऊन बसायची. चर्चची देखरेख तिच्याकडेच होती. मेणबत्त्या, फुलं, कापडं, घंटा, कुलूप. सामना संपला की फिंटन थेट तिथेच यायचा आणि तिला घरी घेऊन जायचा. मॅलकी गेल्यावरही हा नेम चुकला नाही.

पण नेम धरला म्हणून कुतूहल थोडंच उपाशी राहतं. मॅलकीचा जुना मित्र पॅकी प्रत्येक सामन्याला जायचा. त्याला ती विचारायची, “काय करतो रे फिंटन तिथे?”

“बाकावर बसतो.”

“बसतो कसा?”

“बसतो म्हणजे बसतो, नोरीन. माणूस बाकावर कसा बसतो?”

यापुढे पॅकीकडून काही निघायचं नाही.

शनिवारी सकाळच्या मिस्सेची प्रार्थना आटोपल्यावर तिने फादर एमेकांना गाठलं. फादर नायजेरियाहून आलेले, तीन गावांची चर्चं एकटे सांभाळायचे, आणि इथल्या फुटबॉलमध्ये चेंडू हाताने धरायचा की पायाने मारायचा हे त्यांना अजून कळलं नव्हतं. उपासकाळ चालू होता, त्यामुळे नोरीन चहात साखर घालत नव्हती. तो बिनसाखरेचा चहा दोघांनी चर्चमधल्या फादरांच्या पोशाखाच्या खोलीत उभ्यानेच घेतला. तिने सगळं सांगितलं.

“हा नेम तुम्ही कुणापुढे घेतलात?” फादरनी विचारलं.

“माझ्या मनाशीच.”

“आणि मुलाने चेंडू सोडला तो तुमच्या नजरेमुळे, असं देवाने तुम्हाला कळवलं?”

“देवाने नाही. मॅलकीने.”

फादर खोकल्यासारखं हसले. “नोरीनबाई, साखर सोडा, लोणी सोडा. मुलाकडे बघणं सोडायला देवाने सांगितलेलं माझ्या तरी वाचनात नाही. जा तुम्ही. परत येऊन मला एवढंच सांगा की गोलरक्षकाला हात वापरता येतात का.”

“सगळ्यांनाच येतात, फादर.”

“मग ‘फुटबॉल’ या नावात पायाचा उल्लेख कशाला?” असं पुटपुटत ते पुढच्या गावच्या मिस्सेला निघाले.

त्या संध्याकाळी फिंटन चहाला आला. तिने अंडी उकडली होती, त्याने तीन खाल्ली. पेपर खिडकीत घडी घालून ठेवला होता. दोघांनीही तिकडे पाहिलं नाही. आपण बघायला जाणार हे त्याला आधी कळू द्यायचं नाही, असं तिने ठरवलं होतं. कळलं तर त्याचे हात पुन्हा लोण्याचे होतील.

फिंटन चमच्याने अंड्याचं कवच उगाच फोडत बसला. मग म्हणाला, “आई, पेपरात छापून येतं ते सगळं…”

“मला माहिती आहे,” ती घाईने म्हणाली. “जोसीने दाखवलं.”

“तसं नाही. म्हणजे आम्हाला बाहेर बोलायची परवानगी नसते.”

“मग नको बोलूस. मीठ देऊ?”

त्याने मीठ घेतलं. थोड्या वेळाने विचारलं, “उद्या नेहमीसारखी चर्चमध्येच बसशील ना?”

“मी कुठे जाणार?” नोरीन म्हणाली. हा प्रश्न होता, खोटं बोलणं नव्हतं, असं तिने झोपताना देवाला समजावून सांगितलं.

रविवारी तिने निळा कोट घातला, जो मॅलकीच्या पहिल्या स्मृतिदिनानंतर कपाटातच होता. पॅकीने गाडीचं दार उघडलं, तिच्याकडे पाहिलं आणि तोंड उघडून मिटलं. वाटभर तो हवेबद्दल बोलत राहिला. मैदानाशेजारच्या शेतात गाड्या लावल्या होत्या आणि तिथे घोट्यापर्यंत चिखल होता. नोरीनचे चांगले बूट पहिल्याच पावलाला बरबटले.

संघ धावत बाहेर आले. सगळ्यांत शेवटी तो होता. गोलरक्षकाची वेगळ्या रंगाची जर्सी, आणि पाठीवर एवढा मोठा एक. नोरीनने खिशातली माळ घट्ट धरली. थोडा वेळ सगळे चेंडू मारत, पळत, अंग गरम करत होते. मग पंधरा जण जागेवर गेले आणि बाकीचे बाकाकडे वळले. त्या बाकाकडे वळणाऱ्यांच्या पाठींमध्ये तिला एक नंबर दिसला.

“तो तिकडे का चाललाय?” तिने विचारलं.

तेवढ्यात कर्ण्यावरून आवाज आला. यजमान संघात एक बदल, गोलमध्ये एक नंबरच्या जागी सोळा नंबर, रोनन टिअर्नी. आजूबाजूला कुणाची मान हलली नाही. पुढच्या रांगेतल्या माणसाने सँडविचचा कागद सोडवायचं कामही थांबवलं नाही.

पॅकी आपल्या टोपीच्या आत काही हरवल्यासारखा बघत होता.

“पेपरातला संघ खोटा असतो, नोरीन. सगळेच जिल्हे करतात. समोरच्यांनी रोननच्या किका आठवडाभर अभ्यासू नयेत, म्हणून त्यांना फिंटनचं नाव दाखवायचं. रोननचा हात बरा आहे.”

“तुला ठाऊक होतं?”

“शंका होती. पण कधी कधी खराही निघतो. आणि तू तो कोट घालून गाडीत बसलीस, मग माझ्याच्याने बोलवेना.”

नोरीनला आता चहाच्या टेबलावरचं ते फुटकं कवच आठवलं. तो हेच सांगू पाहत होता, आणि तिने त्याच्या हातात मीठ दिलं होतं. तिच्या कानशिलांना ऊन लागल्यासारखं झालं. उठून गाडीत जाऊन बसावं असं वाटलं. पण इतकं लांब आलो आहोत, तर बसतो कसा ते तरी बघू, असा विचार करून ती बसून राहिली.

आणि तिने पाहिलं की पॅकी नऊ वर्षं चुकीचं सांगत आला होता. फिंटन बाकावर बसतच नव्हता. चेंडू आपल्या गोलकडे आला की तो अर्धा उठायचा, उजवीकडे झुकायचा, आणि रोननने चेंडू अडवला की जणू स्वतःच अडवल्यासारखा हात झटकून पुन्हा टेकायचा. दमून आलेल्या पोराच्या खांद्यावर त्याने स्वतःचं जाकीट घातलं. एकदा रोननला ओरडून काही सांगितलं, रोननने न बघताच अंगठा वर केला. पहिला अर्धा भाग संपला तेव्हा जिल्हा दोन गुणांनी पुढे होता.

“चहा आणू?” पॅकीने विचारलं. सगळी गॅलरीच चहाकडे निघाली होती.

“थांब,” नोरीन म्हणाली.

खेळणारे आत विश्रांतीला गेले होते, आणि रिकाम्या मैदानावर राखीव पोरं उतरली होती. फिंटन गोलकडे चालत गेला. दोन्ही खांबांना त्याने हात लावला. मग जाळीकडे तोंड करून, पाठीवरचा एक नंबर सगळ्या जगाकडे करून, उजवा गुडघा क्षणभर जमिनीला टेकवला आणि उठला. लहानपणी वेदीवर फादरच्या हाताखाली असताना वेदीसमोरून जाताना तो अगदी असाच टेकवायचा, घाईने आणि तरी पूर्ण. हे तिनेच त्याला शिकवलं होतं. तो ते इथे घेऊन आला आहे, हे तिला माहीत नव्हतं.

पोरं चेंडू मारू लागली. खाली, वर, कोपऱ्यात. एक चेंडू त्याने बोटांच्या टोकांनी खांबाबाहेर ढकलला. एक पोटाशी धरला. एक मऊसा, टप्पा खात आलेला चेंडू सरळ त्याच्या हातांत येत होता, आणि नोरीनचे डोळे आपोआप मिटायला निघाले. तिने ते उघडे ठेवले. त्याने चेंडू धरला, छातीशी आवळला, परत फेकला. एक सुटला, जाळीत गेला. त्याने हसून जाळीतून काढला आणि पुढचा मागितला. तिने पाहिलं तरी आभाळ कोसळलं नाही.

एवढ्या मोठ्या मैदानात बहुधा ती एकटीच बघत होती.

दुसऱ्या भागात वारा फिरला. समोरच्यांनी एकेक गुण जोडत बरोबरी केली. अगदी शेवटी रोननची किक वाऱ्याने अडखळली, समोरच्याच्या हातात पडली, आणि त्याने चेंडू जिथून धरला तिथूनच गोलच्या दांडीवरून मारला; इथल्या खेळात त्याचाही गुण मिळतो. एक गुण. शिट्टी वाजली. सामना गेला.

“हा मॅनेजर म्हणजे नुसता शहाणा,” सँडविचवाला माणूस उठत म्हणाला. “पेपरात छापलेलाच संघ खेळवला असता तर काय बिघडलं असतं? त्या गिल्डीच्या पोराला घालायचं.”

“कालपर्यंत तर गिल्डीचा पोरगा म्हणजे भिंतीला लावलेलं चित्र होता तुझ्या मते,” त्याचा सोबती म्हणाला.

“हरल्यावर चित्र पण चांगलं दिसतं.”

पॅकीने नोरीनकडे चोरून पाहिलं. ती कोटाची बटणं लावत होती.

चर्चमध्ये ती सहाच्या घंटेआधी पोचली. घंटा वाजवली, मेणबत्त्या विझवल्या, आणि नेहमीच्या जागी बसून उरलेली माळ पुरी करायला घेतली. दार करकरलं. फिंटन आला होता, केस ओले, खांद्यावर पिशवी. तो मधल्या वाटेवर थांबला आणि खाली बघू लागला.

दारापासून तिच्या बाकापर्यंत चिखलाची पावलं उमटली होती. शनिवारी तिने ती फरशी दोनदा पुसली होती.

“एका गुणाने गेलो,” तो म्हणाला. नजर फरशीवरच होती.

“हो. रोननचा दोष नाही. वाराच फिरला.”

फिंटनने बुटाच्या टोकाने चिखलाचं एक पाऊल चाचपलं.

“मी सांगणार होतो, आई. आम्हाला शपथ घातलेली असते.”

“आणि मीच तुला बोलू दिलं नाही. मीठ देत बसले.”

“मी बाकावर बसलेला तुला दिसायला नको होतो. म्हणून तर तू इथे बसतेस तेच बरं, असं वाटायचं.” त्याने पिशवी खाली ठेवली. “तिथे चहा तरी घेतलास का? चांगला असतो त्यांचा.”

“कुठला. मध्यंतरात मला काम होतं.”

“कसलं काम?”

“तुला बघत होते.”

फिंटनने मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावर तिला तोच मिशी फुटायच्या वयाचा मुलगा दिसला, पण क्षणभरच.

“एक सुटला माझ्याकडून,” तो म्हणाला.

“मी पाहिला. बाकीचेही पाहिले.” तिने माळ गुंडाळून खिशात टाकली. “पुढच्या रविवारी कुठे आहे?”

“बाहेर. लांब आहे. आणि पेपरात काहीही येऊ दे, मी सोळाच असणार.”

“असू दे. मध्यंतरात खेळतोसच ना?”

“हो,” तो म्हणाला. “मध्यंतरात खेळतोच.”

तो पोशाखाच्या खोलीत गेला, बादली आणि फडकं घेऊन आला. वेदीसमोरून येताना त्याचा उजवा गुडघा टेकला, घाईने आणि तरी पूर्ण. मग दारापाशी जाऊन तो दोन्ही गुडघ्यांवर बसला आणि मैदानाचा तो चिखल एकेक पाऊल पुसत तिच्याकडे सरकू लागला. नोरीन बाकावर तशीच बसून बघत राहिली. तो तिच्यापर्यंत पोचला, तेव्हा बाहेर पुरता अंधार पडला होता.

“आई,” तो म्हणाला, “पाय उचल.”