गाभ्यातल्या एका तपासणीची गच्छंती

माझे महाविद्यालयीन शिक्षण दुसऱ्या वर्षापुढे सरकले नाही. संगणकाचे जे काही मला येते, ते मी एका वडीलधाऱ्या गृहस्थांच्या मागच्या खोलीत, त्यांच्या खुर्चीशेजारी स्टुलावर बसून शिकलो. चहा घेऊन त्यांची मुलगी येत असे. यथावकाश ते गृहस्थ माझे सासरे झाले. हे प्रारंभीच नमूद करणे आवश्यक आहे, कारण पुढे मी त्यांच्याच हातचे काम पुसून टाकण्यास निघालो, आणि ते काम त्यांचे आहे याची मला यत्किंचितही कल्पना नव्हती.

मी राउटर बनवणाऱ्या एका लहानशा कंपनीत काम करतो. राउटर म्हणजे घराच्या भिंतीवर लुकलुकणारी इंटरनेटची डबी. तिच्या आत एक ऑपरेटिंग सिस्टीम असते आणि त्या सिस्टीमच्या मध्यभागी कर्नल असतो. त्याला मी गाभा म्हणतो. हा गाभा कोणा एका कंपनीच्या मालकीचा नाही. ठिकठिकाणची माणसे तो लिहितात, दुरुस्त करतात, आणि प्रत्येक बदलासोबत तो का केला याची एक टीप कायमची जोडली जाते. बाहेरून येणारा मजकूर लहान लहान पॅकेटांच्या रूपाने गाभ्यात शिरतो. सगळी पॅकेटे एकाच दाराने येतात. त्यामुळे दाराशी एखादा निरर्थक प्रश्न विचारला जात असेल, तर तो प्रत्येकाला विचारला जातो आणि सगळी रांग खोळंबते.

आमचा नवा राउटर अपेक्षेपेक्षा मंद चालत होता, म्हणून प्रमुखांनी हे दार झाडूनपुसून घेण्याचे काम माझ्याकडे सोपवले. मी पुनरुक्त ओळी एकत्र केल्या, विनाकारण दोनदा लागणारे कुलूप एकदाच लागेल असे केले, आणि शेवटी एका तपासणीपाशी येऊन थबकलो. तिथे प्रत्येक पॅकेटाला विचारले जात होते की, तू अमुक बनावटीच्या नेटवर्क कार्डावरून आलास काय? उत्तर होकारार्थी असेल तर त्याचे शेपूट छाटले जाई. ते कार्ड, म्हणजे यंत्राला नेटवर्कशी जोडणारी ती पट्टी, बाजारातून केव्हाच नाहीसे झाले होते. परंतु उत्तराची खूण मेमरीच्या दूरच्या कप्प्यात असल्यामुळे प्रोसेसरला दर पॅकेटामागे तिथवर हेलपाटा पडत होता. तपासणी काढून मोजले, तर राउटरचा वेग शेकडा चारांनी वाढला.

ही ओळ कोणी लिहिली हे पाहण्यासाठी मी बदलांचा इतिहास उघडला. एका अनोळखी माणसाचे नाव निघाले. वस्तुतः त्याने ती ओळ एका फाइलमधून उचलून दुसरीत ठेवली होती, एवढाच त्याचा संबंध. त्याच्याही मागे जाऊन पाहण्याचे कष्ट मी घेतले नाहीत.

गाभ्यातून जुने काही काढायचे असल्यास सर्वांना जाहीरपणे विचारण्याचा प्रघात आहे: हे अजून कोणी वापरते का? एकानेही ‘मी वापरतो’ असे कळवले, तर ते राहते. मी बदल, म्हणजे पॅच, पाठवला आणि टिपेत लिहिले, ‘कोणीतरी, कधीतरी, विशेष विचार न करता घातलेली निरुपयोगी तपासणी काढत आहे. कोणाची हरकत असल्यास कळवावे.’ माझ्या नावाने गाभ्यात जाणारा हा पहिलाच बदल होता, आणि हे वाक्य मला तेव्हा फार डौलदार वाटले होते.

दुसऱ्या दिवशी उत्तर आले. ‘मी वापरतो. काढू नये.’ खाली माझ्या सासऱ्यांचे नाव होते.

शेजारच्या टेबलावर चाचण्या घेणाऱ्या बाईंना आम्ही खोडरबर म्हणतो, कारण दुसऱ्याचे लिहिलेले त्या सहसा टिकू देत नाहीत. त्यांनी खुर्चीसकट माझ्याकडे घसरत येऊन पडद्यावर पाहिले.

“अय्या, हे तर तुझे सासरे! जावयाचा पहिलावहिला पॅच आणि सासरेबुवाच आडवे?”

“ते वापरतो म्हणताहेत.”

“मग त्यांना नवं कार्ड दे भेट. आहेर समज.”

प्रमुख मात्र हसले नाहीत. “राउटर पुढच्या आठवड्यात बाहेर पडतोय,” ते म्हणाले. “घरचं प्रकरण आहे, घरीच मिटवा.”

घरी तर वार्ता माझ्याआधी पोहोचली होती.

“अहो, तुम्ही बाबांना निरुपयोगी म्हणालात?” सौभाग्यवतींनी दारातच विचारले.

“मी तपासणीला म्हणालो.”

“त्यांना ते वेगळं वाटतंय का, ते जाऊन विचारा.”

रविवारी आम्ही दोघे गेलो. दार मामींनी, म्हणजे सासूबाईंनी उघडले.

“या जावईबापू. आत बसलेत. सकाळपासून दोनदा शर्ट बदलला, कोर्टात तारीख असल्यासारखा.”

मागच्या खोलीत तेच टेबल, तेच स्टूल आणि झाकण काढून ठेवलेले तेच जुने यंत्र होते. पंखा घरघरत होता आणि कार्डावरचा हिरवा दिवा लागलेला होता. मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, मला बस म्हटले नाही. मी आपला स्टुलावर टेकलो.

“शेपूट का छाटायचं, ठाऊक आहे?” त्यांनी विचारले.

“नाही, मामा.”

“लहान पॅकेट आलं की हे कार्ड त्याच्या मागे आधीच्या पॅकेटातला उरलेला मजकूर चिकटवायचं. म्हणजे एकाच्या पाकिटात दुसऱ्याच्या पत्राचा तुकडा. कंपनी म्हणाली, विकलेली कार्डं आता परत मागवता येत नाहीत, तुम्हीच काय ते बघा. मी बघितलं. महिनाभर घरात दिसलो नाही, विचार मामींना.”

“दिसला नाहीत ते बरं,” स्वयंपाकघरातून आवाज आला. “दिसायचात तेव्हा भिंतीशी बोलायचात.”

“पण सगळ्यांच्या दाराशी का घातलीत?”

“तेव्हा हाच दोष तीन कंपन्यांच्या कार्डांत होता. तीन ठिकाणी लिहिण्यापेक्षा एका ठिकाणी लिहिलं. बाकीची दोन गाभ्यातून केव्हाच गेली.” त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. “विशेष विचार न करता.”

मी मान खाली घातली.

“माझं बाकीचं सगळं गेलं,” ते म्हणाले. “लोकांनी नव्याने लिहिलं, माझ्यापेक्षा बरं लिहिलं. एवढंच राहिलंय.”

तेव्हा मला एक मार्ग सुचला. प्रत्येक कार्डासाठी गाभ्यात ड्रायव्हर नावाचा स्वतंत्र भाग असतो. तो त्या एका कार्डापुरताच चालतो. शेपूट छाटण्याचे काम दारातून उचलून या कार्डाच्या ड्रायव्हरात नेले, तर दार मोकळे होणार होते आणि मामांचे कार्डही बिनघोर चालणार होते. मी हे सांगताच मामांनी कीबोर्ड माझ्याकडे सरकवला. जेवणाची हाक येईपर्यंत आम्ही ते लिहून काढले. त्यांनी माझ्या दोन चुका पकडल्या, मी त्यांची एक. लहान पॅकेटे पाठवून पाहिली. सगळी स्वच्छ निघाली. मामांनी माझ्या पाठीवर थाप मारली, आणि माझ्या छातीवरचे ओझे उतरले.

“आता टिपेत लिहायला हवं, हे यंत्र कशासाठी वापरात आहे,” मी म्हणालो.

“गाणी,” मामा म्हणाले. “तुझ्या मामींची गाणी यावर आहेत. स्वयंपाकघरातल्या स्पीकरला इथूनच जातात.”

मामी ताटे घ्या म्हणून सांगायला दारात आल्या होत्या. “कुठली गाणी? माझी गाणी फोनवर असतात. लेकीनेच नाही का भरून दिली? तो स्पीकर तर माळ्यावर गेला.”

“मग हे रोज चालू का असतं?” मी विचारले.

“हेच लावतात सकाळी. दिवा लागला का बघतात आणि पेपर वाचायला जातात. मी म्हटलं, असेल काही कामाचं.”

सौभाग्यवती आईला हाताला धरून आत घेऊन गेल्या.

या खोलीत येऊन खातरजमा करणारे जगात कोणी नव्हते. आमचे दार मोकळे झालेच होते. राउटर वेगाने चालणार होता. म्हणून मी हळूच म्हणालो, “मामा, काही अडचण नाही. ड्रायव्हरात राहिलं तर कोणाला भार नाही. ‘मी वापरतो’ असंच राहू द्या.”

“भार कसा नाही? गाभ्यात काही बदललं की कोणीतरी स्वतःचा वेळ घालून हेही बदलणार. का, तर एक म्हातारा वापरतो म्हणाला.” त्यांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसला. “काढून टाक. ड्रायव्हरसकट काढ. पण आधी तुझं ते ‘निरुपयोगी’ काढ.”

जेवणे झाल्यावर मी नवी टीप लिहायला घेतली. ‘काळाच्या विशाल उदरात विलीन होणारी ही तपासणी’ असा आरंभ केला. मामांनी खांद्यावरून वाचले.

“माझी श्रद्धांजली छापतोयस का पेपरात? कशासाठी होती आणि आता का नको, तेवढं लिही.”

मग मी लिहिले, ‘हे कार्ड लहान पॅकेटांच्या मागे आधीच्या पॅकेटातील मजकूर सोडत असे. तो परक्याच्या हाती जाऊ नये म्हणून ही तपासणी दाराशी ठेवली होती. तिने ते काम चोख केले. आता हे कार्ड कोणी वापरत नाही, म्हणून तपासणी आणि ड्रायव्हर दोन्ही काढत आहे.’ मामांनी ‘चोख’ हा शब्द खोडायला सांगितला. मी ऐकले नाही. मग त्यांनी स्वतःच्या नावाने कळवले, ‘हरकत मागे घेतो. मी वापरत नाही.’

“म्हणजे ते टेबल आता मला मिळणार?” मामींनी आतून विचारले. “शिलाई मशीन कधीची जमिनीवर आहे.”

“उद्या देतो,” मामा म्हणाले.

मी पाठवण्यासाठी बटणावर बोट ठेवले.

“थांब,” ते म्हणाले, आणि पुढे झुकले. त्यांचे मन फिरले असे वाटून मी हात मागे घेतला. त्यांनी पडद्यावर, जिथे ती तपासणी असायची, तिथे बोट टेकवले.

“इथे दोन रिकाम्या ओळी उरल्यात. एक काढ.”

मी एक काढली. त्यांनी पुन्हा वाकून पाहिले.

“हं. आता पाठव.”