ताण नक्की कुणाला?

माझ्या थोरल्या जाऊबाई अग्निशमन केंद्रात फोन घेतात. पलीकडचा माणूस किंचाळत असला तरी त्या शांतपणे विचारतात, "कितवा मजला? आत कोण कोण आहे?" दूध उतू गेलं तर मी घर डोक्यावर घेते, त्या गॅस बंद करतात आणि फडकं शोधतात.

अशा बाईच्या पोटात अल्सर झाला. गोळ्यांनी बरा झाला, पुन्हा झाला. मग एकदा रक्ताची उलटी झाली आणि दवाखान्यात ठेवावं लागलं. जो येई तो शहाणपण शिकवून जाई. सासूबाई तर हट्टालाच पेटल्या, "ती नोकरी सोड. ताणानं पोट जळतंय तुझं."

"ताण फोन करणाऱ्याला असतो, आई. मीच घाबरले तर पत्ता कोण लिहून घेणार?"

कुणाला पटेना. पटलं ते फक्त वॉर्डातल्या डॉक्टरीणबाईंना. गोल होत गेलेला चेहरा, सुटलेलं पोट पण काडीसारखे पाय, जरा धक्का लागला की दंडावर उमटणारे काळेनिळे डाग, सगळं त्यांनी निरखून पाहिलं. घरी सोडल्यावर दिवसभराची लघवी कॅनमध्ये साठवून आणायला सांगितली. जाऊबाई तो कॅन पिशवीत घालून कामावर गेल्या. "राहू दे, आग लागली तर उपयोगी पडेल," असं सोबतच्यांना म्हणाल्या.

तपासण्यांत मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत गाठ सापडली. संकटात शरीर जे संप्रेरक सोडतं, ते ही गाठ विनाकारण, सतत सोडत होती. त्यामुळे पोटातली जखम भरत नव्हती.

"तुमच्या मनाचा यात काही दोष नाही," डॉक्टर म्हणाल्या.

जाऊबाईंचे डोळे भरून आले. "सगळे मला शांत राहा म्हणायचे. शेवटी मलाच वाटायला लागलं होतं, आपण आतून भित्र्या आहोत."

गाठ काढली. पुढचे कित्येक महिने अंगात त्राण नव्हतं. दुसऱ्या मूत्रपिंडावरची ग्रंथी इतके दिवस काम नसल्यानं सुस्तावली होती, म्हणून गोळ्या चालू होत्या. त्यांनी कुरकुर केली नाही. अल्सर मात्र भरला तो भरलाच.

त्या कामावर परतल्या तेव्हा मी सोडायला गेले होते. पहिलाच फोन एका आजोबांचा, मांजर छपरावर अडकलंय म्हणून. जाऊबाईंनी पत्ता लिहून घेतला आणि म्हणाल्या, "गाडी निघाली. तोवर त्याच्याशी बोलत राहा. नाव काय त्याचं?"