डिकीतली सवत

मित्रांनो, मी एक जुनी बारा व्होल्टची बॅटरी आहे, आणि माझ्याशिवाय आमच्या गाडीचं पानही हलत नाही.

हे मी तुम्हाला रस्त्याकडेच्या कट्ट्यावर बसून सांगतेय. बुडाखाली जुना पेपर आहे. गाडी आत्ताच गेली. माझ्याशिवाय गेली आणि मेली अगदी झोकात गेली.

असो. पहिल्यापासून सांगते.

माझा जन्म कारखान्यात झाला. पोटात शिशाच्या पट्ट्या आणि डोक्यावर दोन शिंगं, एक अधिक आणि एक वजा. मला वाटलं, आता आपण कुठल्यातरी गाडीच्या पुढच्या भागात, इंजिनाच्या मांडीला मांडी लावून बसणार. पण मला दिलं हायब्रिड गाडीत. तिथं माझी जागा कुठं? डिकीच्या कोपऱ्यात, झाकणाखाली, पंक्चरच्या सामानाशेजारी.

आणि घरात थोरली जाऊ आधीच होती. मागच्या सीटखाली ऐसपैस पसरलेली मोठी बॅटरी. तिला गरम होऊ नये म्हणून वेगळा पंखा. तिला आठ वर्षांची गॅरंटी. गाडीच्या पाठीवर चकचकीत अक्षरांत ‘हायब्रिड’ लिहिलंय, तेसुद्धा तिचंच कौतुक. पाहुणे आले की आमचे मालक सीटवर थाप मारून सांगायचे, "सगळी कमाल हिची बरं का!" मालक शाळेत भूगोल शिकवतात. डिकीत काय आहे, हे त्यांच्या नकाशात नव्हतं.

आता गंमत ऐका. ही थोरली रोज सकाळी झोपलेली असते. तिला उठवायचं काम माझं. मी आधी गाडीच्या कॉम्प्युटरला जागं करायचं, मग त्याने बाईसाहेबांना आत घ्यायचं. सहा वर्षं मी तिचं दार उघडलं. एकदा तरी म्हणावं, ‘धाकटे, दमलीस का गं?’ नाव नको.

मग मी खरंच दमले. गॅरेजवाल्याने मला मीटर लावला, मान हलवली आणि म्हणाला, "सर, ही आता गेल्यात जमा. नवी टाका."

मालकांनी त्याच दिवशी नवी आणली. पण बसवायला द्यायची कुणाला? "घरीच बसवतो. दहा मिनिटांचं काम. रविवारी करू," असं म्हणून त्यांनी ती खोक्यासकट डिकीत ठेवली. माझ्या शेजारी! त्यानंतर पाच रविवार गेले. पाच आठवडे मी त्या सवतीला उशाशी घेऊन फिरले, मित्रांनो. ती कोरी करकरीत, अंगावरचं प्लास्टिकही न काढलेली, आरामात पडून प्रवास करायची. कष्ट माझे आणि सहल तिची. माझ्या पोटातलं आम्ल तेव्हा जास्तच आंबट झालं.

मी मनाशी ठरवलं, हिला हात लागायच्या आत एकदा आपली किंमत दाखवायचीच.

आज सकाळी तशी वेळ आली. मालकीणबाई घरी केक करतात. आजवर वाढदिवसाचे छोटे छोटे केक केले, पण आज पहिल्यांदाच मोठी ऑर्डर होती. कुणाच्यातरी लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून तीन मजली केक. बारा वाजता हॉलवर पोचवायचा. तो आवडला तर त्याच हॉलचं वर्षभराचं काम मिळणार होतं. बाई दोन दिवस धड झोपल्या नव्हत्या. केकचा खोका डिकीत ठेवला, बाई पुढे बसल्या, मालकांनी बटण दाबलं.

मी गप्प बसले. दिवे लुकलुकले, आतून टक् टक् टक् असा आवाज आला आणि थोरली सीटखाली ढिम्म पडून राहिली. बघा आता! मला वाटलं, सगळे मान खाली घालून म्हणतील, चुकलो गं बाई.

"अहो, ती नवी बॅटरी कधी लावणार होतात? केक शिळा झाल्यावर?" बाई म्हणाल्या.

"अगं, लावतो ना. दहा मिनिटं!"

समोरच राहणारा बाईंचा भाऊ धावत आला. त्याचं घड्याळं दुरुस्त करायचं दुकान. तो म्हणाला, "बॅटऱ्या सगळ्या सारख्याच, भाऊजी. माझ्या जरा लहान असतात, एवढंच."

मालकांनी गॅरेजवाल्याला फोन लावला. "सर, वजा आधी काढा, नवी लावताना तो शेवटी लावा. आणि डिकीचं एक लक्षात ठेवा, ती..."

"कळलं, कळलं!" म्हणून मालकांनी फोन ठेवला. मास्तरांना दुसऱ्याने शिकवलेलं सोसत नाही.

त्यांनी मला सोडवून उचललं, ‘आई गं’ म्हणून कंबर धरली आणि कट्ट्यावर ठेवलं. पाना डिकीत ठेवला. किल्लीही डिकीतच ठेवली. तेवढ्यात मेहुणा म्हणाला, "केकवर धूळ बसेल हो," आणि त्याने डिकी लावली.

खट्!

डिकीचं कुलूप विजेवर चालतं. वीज म्हणजे मी. मी कट्ट्यावर. आत केक, पाना, किल्ली आणि सवत.

"उघड की," बाई म्हणाल्या.

मेहुण्याने बटण दाबलं, मग डिकीवर बुक्की मारली. काही नाही.

"ताई, अकरा वाजले का गं?"

"वाजून गेले. आता तुझे वाजतील."

मालक मागची अर्धी सीट पाडून, डोकं पुढे घालून आत शिरले. कमरेपर्यंत गेले आणि अडकले.

"भाऊजी, काय दिसतंय?"

"तुझी अक्कल शोधतोय. सापडत नाही."

"अहो, केकला धक्का लागला तर घरी येऊ नका!"

शेवटी मेहुण्यालाच सुचलं. बॉनेटखाली एक लाल टोपणाची जागा असते, तिथं बाहेरून वीज देता येते. "ही जुनी आहे की! डिकीपुरता जीव असेल हिच्यात." त्याने शेजाऱ्याकडून जोडणीच्या जाड वायरी आणल्या आणि मला बॉनेटजवळ नेलं.

मित्रांनो, आता आली का पंचाईत! मी डिकी उघडली तर सवत बाहेर येणार आणि माझ्या जागी बसणार. नाही उघडली तर ती आत कुजेल. पण मग केकही आतच. मी नक्की केलं, नाही उघडायची. जळो मेली.

तेवढ्यात बाई खाली बसल्या. अ‍ॅप्रनच्या कोपऱ्याने त्यांनी माझी दोन्ही शिंगं पुसली, हलक्या हाताने, आणि पुटपुटल्या, "बाई गं, एवढं एक कर. मग पड निवांत."

सहा वर्षांत पहिल्यांदा माझ्याशी कुणीतरी बोललं होतं. माझं पाणी पाणी झालं. उरलंसुरलं सगळं दिलं.

खट्. डिकी उघडली. मालकांनी आतून टाळ्या वाजवल्या आणि डोकं आपटून घेतलं.

मला परत कट्ट्यावर ठेवलं. पुढचं मी बघणार नव्हते, पण बघितलं. हिसके बसू नयेत म्हणून त्यांनी आधी केक बाहेर काढला. मग सवत माझ्या जागी बसली, अधिक आधी, वजा शेवटी. बटण दाबताच थोरली लगेच उठली. माझ्यासाठी कधी इतकी चटकन उठली नव्हती. बाई घराला कुलूप लावून धावत आल्या आणि म्हणाल्या, "केक ठेवला ना?" मालकांना वाटलं मेहुण्याने ठेवला, मेहुण्याला वाटलं भाऊजींनी. दोघंही एकदम म्हणाले, "हो!"

तेव्हा मित्रांनो, एवढंच सांगणं आहे. घरात जी मुकाट काम करते, तिची शिंगं अधूनमधून पुसत जा. रविवारी करायचं काम रविवारीच करा. आणि गॅरेजवाल्याचं वाक्य पुरं होऊ द्या.

आता बाराला दहा कमी आहेत. केक इथं कट्ट्यावर, माझ्या शेजारी आहे.